खऱ्या पंचफुलाबाई

पंचफुलाबाई माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्यांनी कप उचलला, वास घेतला, परत खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमी प्या पयले."

मी म्हटलं, "मावशी, माझा वेगळा आहे ना."

"तुमचा मी पिते. माहा तुमी प्या." कपांची अदलाबदल झाली. मी घोट घेईपर्यंत त्या माझ्या तोंडाकडं पाहत बसल्या. मला काही झालं नाही, हे नक्की झाल्यावर त्यांनी चहा बशीत ओतला, प्यायल्या, आणि साखर कमी पडली म्हणून सांगितलं.

मी तेव्हा मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या त्या वॉर्डात नवी होते. शाळेत मास्तरीण, त्यामुळे सगळ्यांची मॅडम. आपल्याला कुणी विष घालेल असं या बाईंना का वाटावं, हे मला कळेना. मग शेजारणीनं सांगितलं, की विषाचं भय नाही, शेंदराचं आहे. गाणाऱ्या माणसाला खाण्यातून शेंदूर घातला की आवाज कायमचा बसतो, असं आमच्याकडं मानतात. आणि पंचफुलाबाई साध्यासुध्या गाणाऱ्या नव्हत्या. 'पंचफुलाबाई बोरकर आणि पार्टी' हे नाव इकडं कटंगीपासून लांजीपर्यंत आणि सीमेपलीकडं तुमसर-गोंदियापर्यंत चालायचं. जयंतीच्या दिवसांत त्या घरी सापडत नसत. भीमगीतं गात, पाळणे गात, मधूनच सभेतल्या दारूड्या नवऱ्यांना नावानिशी फैलावर घेत. बायका पदर तोंडात धरून हसत आणि नवरे मान खाली घालत.

असं म्हणतात, की दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पंचफुलाबाई पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या. कुलूप लावलं की ओढून पाहायचं, गल्लीच्या टोकाला जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं. भाजीवाला तोलायला लागला की त्या काट्याकडं पाहत नसत, त्याच्या कोपराकडं पाहत. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तर आधी विचारत, "हे तुमी सोता खाल्ली का कधी?" टीव्हीवर दोन पुढारी भांडताना दिसले की म्हणत, "हे सारे आंदरून ठरवून आले. पाहा, एकाचा बी घसा नाही बसला." कुणी फार गोड बोललं तर तो गेल्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "हासून बोलला ना? मंग आता दोन दिवसांनं येते पाहा मांगाले." आणि खोटं कशाला सांगू, तो माणूस बहुतेक वेळा यायचाच.

या संशयाच्या राज्यात एकाच माणसाला मोकळा पास होता, तो म्हणजे सुखदेवभाऊ. हट्टा गावचा हा ढोलकवाला, बोलायला मुका म्हणावा इतका कमी. पंचफुलाबाई ऐन तारुण्यात गायला उभ्या राहिल्या तेव्हापासून तो त्यांच्या डाव्या हाताला बसत आला होता. कार्यक्रमाच्या गावात त्या पाण्याचा थेंब घेत नसत, पण सुखदेवभाऊंच्या बाटलीतलं पाणी वर न पाहता पीत.

सगळ्यात मोठी परीक्षा असे ती आवतणाची. फोनवर कार्यक्रम त्यांनी आयुष्यात घेतला नाही. "फोनात कोन बोलते काय मालूम? माणूस पाठवा," एवढं बोलून ठेवून देत. माणूस आला की त्याची ओसरीवर उलटतपासणी. विहाराचं तोंड कुठल्या दिशेला आहे? गावातली सगळ्यात म्हातारी बाई कोण? आणि शेवटचा प्रश्न ठरलेला, "मांगच्या साली कोन गायलं तुमच्याकडे? मंग यंदा तिलेच काहून नाही बोलावलं?" या प्रश्नावर भलेभले अडखळत. मागच्या गाणारीची निंदा करणाऱ्याला नकार मिळे. पुढच्या वर्षी हा माझीही करेल, हे त्यांचं गणित. "तिनंच तुमचं नाव सांगतलं," असं कुणी म्हटलं, तर त्या गावाची गाठ त्या आपल्या पदराला मारत. गाठ म्हणजे शब्द. गाऊन आल्या की गाठ सोडत. एप्रिल महिन्यात त्यांचा पदर पाहिला की मला हसू यायचं, पण त्यांच्यासमोर हसायची सोय नव्हती. का हसली म्हणून चौकशी लागली असती.

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून मी त्यांच्यासोबत कटंगीला गेले होते. माइकवाला पोरगेला, नवा. त्यानं अदबीनं विचारलं, "मावशी, आवाजात थोडा घुमारा टाकू का?" झालं. पंचफुलाबाईंनी गाणं सुरू करायच्या आधी सगळ्या गावासमोर माइकवरून त्याला विचारलं, "कोनं पाठवलं तुले? माहा आवाज तुले पातळ लागते काय?" तो बिचारा घामाघूम. पुढं दोन तास त्यानं एका बटणाला हात लावला नाही. परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "मावशी, तो चांगल्यासाठीच विचारत होता."

"हौ," त्या म्हणाल्या. "म्हनूनच त शक आला."

मग एका वर्षी जयंती पार पडली, आणि चार दिवसांत लांजीकडच्या एका गावातली तीन पोरं मोटारसायकलींवर आमच्या गल्लीत आली. पुढं होता त्याचं नाव प्रफुल. मी पंचफुलाबाईंच्या ओसरीवर बसले होते. तो वर चढला, 'जयभीम' घातला, पण बसला नाही.

"बाई, आमी तुमाले बोलावलं होतं. ईसार धाडला. सारं गाव मांडवात बसलं होतं. बुढ्या बाया वाट पाहू पाहू घरी गेल्या. तुमी काहून नाही आल्या?"

ईसार म्हणजे कार्यक्रम पक्का करायची रक्कम. पंचफुलाबाईंनी पदर पुढं ओढला आणि त्याच्यासमोर धरला. "पाय बापा. तुह्या गावची गाठच नोती माह्या पदराले. कोन आलतं मले सांगाले?"

पोरांना गाठीतलं काय कळणार? प्रफुलनं मोबाइल काढला. त्यात एक पेज होतं. वर पंचफुलाबाईंचं नाव, शेजारी त्यांचा फोटो, केस काळेभोर असतानाचा. खाली गाण्याचे तुकडे, कार्यक्रमासाठी नंबर, आणि नावाला चिकटून ती निळी खूण.

"हे तुमचंच पेज आहे ना? ब्लू टिक आहे. आमी पयले तेच पाह्यलं. खऱ्या माणसालेच भेटते ते."

पंचफुलाबाईंनी डोळे बारीक करून त्या खुणेकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग मले काहून नाही भेटलं?"

प्रफुलनं मोबाइल खिशात घातला. तो म्हणाला, "आता तुमीच खऱ्या, का हे खरी, आमी काय समजावं?" आणि ती पोरं निघून गेली. एवढ्या वर्षांत जगाकडं ओळख मागत आलेल्या बाईकडं पहिल्यांदाच कुणीतरी ओळख मागितली होती. मला त्यांची कीव आली, आणि राग आला तो त्या पोरांचाच, जरी त्यांची चूक नव्हती.

पंचफुलाबाईंनी त्या दिवशी तपासाला सुरुवात केली. आधी त्यांनी वारासिवनीच्या एका गाणारीवर संशय घेतला, मग एका जुन्या मंडपवाल्यावर. संध्याकाळपर्यंत मात्र त्यांची गाडी भलत्याच वाटेला लागली. मला म्हणाल्या, "मॅडम, मी विचार करून पाह्यला. ते निळं आहे ना? निळा रंग कोनाचा? आपला. आपल्या झेंड्याचा. बाहेरच्याले कोन देईन निळं? हे समाजातल्याच माणसानं घेतलं. माह्या जोळच्यानंच."

मी हसून म्हटलं, "मावशी, त्या निळ्याचा आपल्या निळ्याशी काही संबंध नाही. कंपनी देते ते. सगळ्यांना निळंच देते."

"तुमी शिकल्या-सवरल्या, तुमाले सारं सोपं दिसते," त्या म्हणाल्या. "पोट्ट्यायनं बी निळं पाहूनच भरोसा ठेवला ना? त्याले मालूम होतं, आपले लोक निळ्याले नाही म्हनत नाही. हे आपल्यातल्याच माणसाचं डोकं होय."

हे ऐकून माझं हसू थांबलं. प्रफुलनंही जाताना असंच काहीसं म्हटलं होतं, निळं पाहून बरं वाटलं म्हणून. आता जवळचा म्हणजे कोण? सुखदेवभाऊंनी त्याच होळीला नवा मोबाइल घेतला होता. गावोगावचे नंबर त्यांच्याकडं, जुने फोटो त्यांच्याकडं. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा पंचफुलाबाईंनी दारातच विचारलं, "मोबाइल दाखव." त्यांनी दाखवला. "यातून तू काय काय करते?" सुखदेवभाऊ म्हणाले, "नातवाचे फोटो पाहतो." "खोटं. तूच माहं नाव इकलं." सुखदेवभाऊंनी मोबाइल खिशात घातला, पाण्याची बाटली ओसरीवर ठेवली आणि गेले. मी मध्ये पडायला हवं होतं की काय, याचा विचार करेपर्यंत ते वळणावरून दिसेनासे झाले होते.

मग आवतणं थांबली. बुद्ध पौर्णिमा तोंडावर आली तरी गल्लीत कुणी पंचफुलाबाईंचं घर विचारत आलं नाही. बाजारात एक बाई दुसरीला त्यांच्या देखत म्हणाली, "पैसे घेऊन येत नाही म्हन्तेत आता." हे शब्द ऐकून पंचफुलाबाई घरी आल्या आणि दोन दिवस दार लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी मी गेले तर म्हणाल्या, "मॅडम, नवरा गेला तवा बी मी गायली. आवाज घोगरा झाला तवा बी गायली. गानाऱ्या माणसाजोळ दुसरं काय असते? नाव. ते गेलं म्हंजे मी उभी राहून नुसती बोंबलन."

मी त्यांना पोलिसांकडं घेऊन गेले. संगणकासमोर बसलेला जवान पोरगेला होता, जबलपूरकडचा, हिंदीच बोलणारा. पंचफुलाबाईंनी त्याच्यासमोर आपल्या शत्रूंची नावं एकेक करून सांगायला घेतली. वारासिवनीवाली, मंडपवाला, आणि आवाज खाली आणून, सुखदेव. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्क्रीन त्यांच्याकडं वळवली.

"अम्मा, इनमें से कोई नहीं है. ये देखो, पहले यही पेज एक कुकर कंपनी के नाम से था. फिर एक हीरो के नाम से. अब आपके नाम से है. ये टिक्का पैसा भरने से मिलता है, हर महीने का. किसी का भी कागज लगा दिया होगा. बैठा होगा कहीं दूर."

"मंग माह्यावर त्याची काय दुश्मनी?" त्यांनी मला विचारलं, मी ते हिंदीत करून सांगितलं.

"कोई दुश्मनी नहीं. उसने तो आपका गाना पूरा सुना भी नहीं होगा."

मला वाटलं, बाईंचा जीव भांड्यात पडेल. झालं उलटंच. त्यांचा चेहरा उतरला. जन्मभर त्या शेंदराला भ्यायल्या ते आपल्या आवाजावर कुणीतरी जळतंय या भरवशावर. आणि आता त्यांचं नाव बुडवणारा निघाला कुकर विकणारा. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "कुकर, मंग हीरो, मंग मी. म्हंजे त्याले मालूम बी नाही, मी कोन होय ते." मग थोडं चालून, "आन मी सुखदेवले घालवून बसली."

माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आम्ही हट्ट्याला गेलो, पायऱ्यांच्या जुन्या बावडीच्या अलीकडं सुखदेवभाऊंचं घर. ते अंगणात नातवाला खेळवत होते. पंचफुलाबाई अंगणात उभ्या राहून त्यांच्यावरच डाफरल्या, "मी म्हनली आन तू निंघून गेला? भांडाले काहून नाही आला माह्यासंग?"

"तुमी जा म्हनल्या, त गेलतो," सुखदेवभाऊ म्हणाले.

"आता चाल म्हनते. लांजीकडे जाचं आहे. ईसार नाही भेटत. त्या पोट्ट्यायच्या गावात मले गाऊन दाखवा लागते." सुखदेवभाऊंनी नातवाला सुनेकडं दिलं आणि ढोलक काढायला आत गेले. त्या दोघांत यापुढं या विषयावर एक शब्द झाला असेल असं मला वाटत नाही.

प्रफुलला फोन मी केला. तो नाखुशीनंच तयार झाला. बुद्ध पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारापुढं मांडव होता. बायका-माणसं बसली होती, पण टाळ्या नाहीत, हसू नाही. बाजारात कुणी वस्तू पारखत असावं तसं ते पंचफुलाबाईंकडं पाहत होते. त्यांनी पहिलं गाणं म्हटलं. आवाज आता जाड झाला होता, वरच्या पट्टीत पोचताना थोडा ओढायचा. मला स्पष्ट ऐकू आलं, मागून कुणीतरी म्हटलं, "फोनवालीचा आवाज हा नोहय." मग एका पोरानं चक्क मोबाइल कानाला लावला, त्यातलं गाणं आणि समोरचं गाणं पडताळून पाहायला.

पंचफुलाबाई थांबल्या. मला वाटलं, आता कटंगीच्या माइकवाल्यासारखी याची गत होणार. पण त्या म्हणाल्या, "इकडे आण. माइकजोळ धर. सारे आयकू द्या."

पोरानं मोबाइल माइकला लावला. जयंतीचा जुना पाळणा होता. तुमसरकडच्या कुठल्यातरी कार्यक्रमात कुणी टेपवर उतरवला असावा. त्यातल्या पंचफुलाबाई तिशीच्या आतल्या. आवाज इतका मोकळा आणि कोवळा, की समोरच्या साठीच्या बाई त्याच, हे मलाही खरं वाटेना. गावानं एकदा मोबाइलकडं पाहावं, एकदा त्यांच्याकडं. त्या मान कलती करून ऐकत होत्या. सुखदेवभाऊंनी जुन्या ठेक्यावर हलकीच थाप धरली. दुसरं कडवं सरताना पंचफुलाबाई माइकपाशी वाकून म्हणाल्या, "आता मांगून लेकरू रडन."

आणि मोबाइलमधून तान्हं बाळ रडलं.

तसं पाहिलं तर हा काही पुरावा नव्हता. ज्यानं ते गाणं चार वेळा ऐकलं असेल, त्यालाही हे सांगता आलं असतं. प्रफुल बहुधा तेच म्हणायला उठला होता. पण बाळ रडलं त्याच क्षणी पंचफुलाबाईंनी झटकन वळून स्टेजच्या मागं पाहिलं. सांगून सवरून, ठाऊक असूनही वळल्या. मागं पडदा होता, त्यापलीकडं अंधारत चाललेलं शेत. प्रफुल परत खाली बसला. पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं मोबाइलवाल्या पोराला म्हटलं, "बंद कर रे ते. बाई गाऊन राह्यली, दिसत नाही का?" त्यानंतर त्या गावानं त्यांना बराच वेळ सोडलं नाही.

परतताना त्या खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. मी सुखदेवभाऊंना हळूच विचारलं, ते बाळ कुणाचं.

"बाईचं. पोरगी होती. स्टेजच्या मांगं झोळीत टाकून गायच्या." मग ढोलक सावरत म्हणाले, "त्याच सालच्या पाण्याकाळात गेली." मला या मुलीबद्दल वॉर्डात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

लांजीकडचं ते गाव वळलं तशी बाकीची गावंही वळली, गल्लीत पुन्हा माणसं घर विचारत येऊ लागली. वर्षाच्या आत माझी बदली सिवनीला झाली, आणि पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्याची खबर फोनवर आली. फोनवरची खबर म्हणून मी ती दोन ठिकाणी विचारून पक्की केली. त्यांच्या संगतीचा एवढा गुण लागलाच होता. पण त्यांची आठवण आली की मला त्या दिसतात त्या त्याच उन्हाळ्यातल्या, पोलिसांच्या त्या खोलीत बसलेल्या.

बुद्ध पौर्णिमेनंतर जवानानं आम्हाला पुन्हा बोलावलं होतं. म्हणाला, "अम्मा, सही कर दो, पेज बंद हो जाएगा. सब हट जाएगा, फोटो, गाना, सब." पंचफुलाबाईंनी पेन घेतला आणि थांबल्या.

"गानं बी जाईन?"

मी म्हटलं, "मावशी, मी ते गाणं माझ्या मोबाइलमध्ये उतरवून ठेवते. जाणार नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चहाच्या कपाकडं पाहत तसंच. "तुमच्या मोबाइलात? आन त्यातून आनखी कोनं नेलं त? एकडाव गेलं का मंग कोठी कोठी जाईन ते." मला वाईट वाटलं, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येईना. मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

मग त्या जवानाला म्हणाल्या, "लाव बापा. एकडाव."

त्यानं लावलं. पंख्याच्या घरघरीत तो कोवळा पाळणा सुरू झाला. बाजूच्या टेबलावरचा हवालदारही लिहायचा थांबला. पंचफुलाबाई पाठ ताठ ठेवून, पदर दोन्ही कानांमागं घेऊन ऐकत होत्या. पहिलं कडवं झालं. दुसरं सरत आलं. त्यांनी एकदम हात पुढं केला आणि स्क्रीनवर तळवा ठेवला.

"बस. बंद कर," त्या म्हणाल्या. "आता रडन ते."

जवानानं गाणं बंद केलं. त्यांनी तळवा काढला आणि सही केली.